छाट

श्रीहरीचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर
टॉवेल वाळत घालत होतो.
"बाबा, जहाज अडकवलंय," म्हणाला.
आवाजात भीती नव्हती,
उलट बऱ्याच दिवसांनी झोप झाल्यासारखा वाटला.

सोलापुरात समुद्र नाही.
नळाला पाणी पाच दिवसांआड येतं, तेही पहाटे.
जहाज अडकवतात म्हणजे काय करतात,
हे मी माझ्या परीनं समजून घेतलं.

चौतीस वर्षं मी अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
चेकिंगच्या टेबलाशी उभा.
खाली ट्यूबलाइट, वर काच, काचेवरून सरकणारा टॉवेल.
तुटका धागा, सुटलेली वीण, तेलाचा थेंब.
खडूची एक फुली मारली की विणकराचे पैसे कापले.
मालक म्हणायचा, अंबादास, घारीची नजर तुझी.
विणकर काय म्हणायचे
ते मी ऐकून घेत नसे.

घरात पद्मा. हजार विड्या वळून
टोपली कंबरेवर घेऊन निघायची.
तिथला चेकर मूठभर उचलून फेकायचा बाजूला: छाट!
तीच छाट संध्याकाळी गुपचूप
दुसऱ्या बंडलात जायची.
म्हणून तपासणी या शब्दाला आमच्याकडे
तंबाखूच्या खकाण्याचा वास येतो.

तर श्रीहरी सांगत होता:
मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याचा
(त्याचं नाव घेताना त्याची जीभ अजून अडखळते),
सिमेंट तिसऱ्याचं,
आणि खाली इंजिनाच्या धगीत
एक चितगावचा, दोन मनिलाचे, एक आमच्या साखर पेठेतला.

मोंबासाला एक बाई चढली. हातात टॉर्च आणि छोटी हातोडी.
जीव वाचवायच्या बोटीच्या हुकावर टक् केलं
तर रंगाचा पापुद्रा खाली पडला,
आत नुसता गंज.
तिनं लिहून दिलं, पुढच्या बंदरात दुरुस्त करून घ्या.
कप्तानानं काय केलं?
नवा रंग दिला.

कोलंबोला एक वयस्क माणूस चढला.
चहाला नको म्हणाला, कागद नंतर म्हणाला,
आणि सरळ त्या हुकाशी जाऊन उभा राहिला.

"त्याला कसं कळलं रे?"
"त्यांची वही एकच आहे, बाबा. एवढ्या किनाऱ्यांची मिळून एक.
इथं फुली पडली की तिकडं दिसते."

मला जकात नाके आठवले.
हैदराबाद रोडचा नाका कडक, म्हणून ट्रक रात्री
मुळेगावच्या कच्च्या वाटेनं अक्कलकोट रोडला निघायचे.
तिथला शिपाई झोपलेला.
दोन नाक्यांत सायकलवर जाण्याएवढं अंतर
आणि एकमेकांना ओळख नाही.

पद्मानं फोन हातातून ओढून घेतला.
"पोरांचा पगार कापला का?"
"नाही आई. उलट तो म्हणाला, तीन महिन्यांचा थकलाय तो द्या,
हुक बदला, मग दोर सोडा."
ती गप्प. मग म्हणाली,
"मग तो कसला चेकर?"

नवा हुक यायला आठवडा लागेल.
पोरं धक्क्यावर क्रिकेट खेळतायत,
चितगाववाल्याला आपली शेंगा चटणी झोंबली.
"त्या माणसालाही दे की थोडी," पद्मा म्हणाली.
"घेत नाहीत गं ते. काहीच नाही."
हे तिला पटलं नाही. मलाही पुरतं नाही.
फोन कट झाला.

ऊन कलल्यावर टॉवेल काढले.
नोकरी सुटताना मालकानं दिले होते, डझनभर, दोषी मालातले.
एकाच्या काठावर माझीच फुली,
निळ्या खडूची, इतक्या धुण्यांत पुसट झालेली.
नीट पाहिलं. वीण सापडली, एक फास सुटलेला,
बोटाला लागेल न लागेल एवढा.
यात कुणाचे किती कापले गेले असतील,
नाव आठवायला बसलो.
पद्मा खालून जेवायला हाक मारत राहिली.